वनाचा हक्क आणि भांडवलाचा प्रश्न

(वर्षावासाच्या व्याख्यानमालेत एका विहारात दिलेले भाषण)



आज मी आपल्यापुढे जो विषय मांडणार आहे, तो विहारात बोलावयाचा विषय नव्हे असे आपल्यापैकी काहींना वाटेल. जंगल, लाकूड, बांबू, ठेकेदाराची उचल आणि हिशेबाची वही हे या विषयाचे साहित्य आहे. परंतु ज्या धम्माने माणसाच्या दुःखाचे कारण शोधण्यास सांगितले, त्या धम्माला माणसाच्या चुलीचा विचार वर्ज्य असू शकत नाही. ज्याच्या घरी उद्याच्या भाकरीची शाश्वती नाही, त्याने शीलाचे पालन निर्भयपणे करावे अशी अपेक्षा करणे सोपे आहे; त्याला निर्भय होता येईल अशी व्यवस्था करणे कठीण आहे. त्या कठीण भागाविषयी मी बोलणार आहे.

आपण नुकतीच दीक्षा घेतली आहे. बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या तेव्हा आपण जुनी गुलामगिरी मनातून काढून टाकली. मनातील बेडी तुटली, हे मोठे काम झाले. पण हातातील बेडीचे काय? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साऱ्या देशाला एक इशारा दिला होता. येत्या २६ जानेवारीपासून राजकारणात आपण समान होऊ, पण सामाजिक व आर्थिक जीवनात विषमताच राहील, आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही तर तिच्याखाली भरडले जाणारे लोक लोकशाहीचा डोलाराच उद्ध्वस्त करतील, असा त्या इशाऱ्याचा आशय होता. हक्क कागदावर येतो त्या दिवशी लढाई संपत नाही. ती दुसऱ्या जागी जाते, हे बाबासाहेबांनी तेव्हाच ओळखले होते.

ती दुसरी जागा कोणती, हे जंगलाच्या उदाहरणावरून फार स्वच्छ दिसते. कारण जगात असे लोक आहेत की जे जंगलाचे कायदेशीर मालक झाले आणि तरीही मजूरच राहिले. त्यांची कथा आधी ऐकू आणि मग आपल्या चांदा-गडचिरोलीकडे येऊ.

मालक कागदावर, मजूर रानात

मेक्सिको देशाच्या आग्नेय टोकाला किंताना रो नावाचा प्रदेश आहे. तेथे माया लोक राहतात. ज्यांनी एके काळी मोठी नगरे उभारली, आकाशातील ताऱ्यांची गणिते केली, त्यांचे हे वंशज. स्पेनच्या लोकांनी त्यांना जिंकले आणि मळ्यांवर राबविले. १८४७ साली माया लोक उठले. त्यांनी पन्नासहून अधिक वर्षे किंताना रोच्या जंगलात आपले स्वतंत्र राज्य टिकविले. १९०१ साली मेक्सिकोच्या सैन्याने त्यांची राजधानी घेतली; आज त्या गावाला फेलिपे कारियो पुएर्तो म्हणतात. सैन्याच्या मागोमाग व्यापारी आले. त्यांना दोन वस्तू हव्या होत्या: महोगनीचे लाकूड आणि चिकूच्या झाडाचा चीक. आपण ज्याचे फळ खातो त्याच चिकूचे हे रानातील झाड. त्याच्या चिकापासून चघळण्याचा गोंद तयार होत असे आणि अमेरिकेत त्याला मोठी मागणी होती.

१९१७ साली मेक्सिकोने नवे संविधान केले. त्याच्या २७ व्या कलमाने गावाला सामूहिक जमीन मिळण्याचा हक्क दिला. अशा सामूहिक जमिनीच्या गावाला तेथे एखिदो म्हणतात. १९३४ ते १९४० या काळात राष्ट्राध्यक्ष लाझारो कार्देनास यांनी किंताना रोमध्ये जंगलासह फार मोठे एखिदो वाटले. ही जमीन विकता येत नव्हती, गहाण ठेवता येत नव्हती आणि तिचा मालक सारा गाव होता.

आपल्याला वाटेल, प्रश्न सुटला. वस्तुतः तो तेथून सुरू झाला. जंगल गावाचे होते. पण झाड तोडावयाचे तर करवत लागते, ते ओढून आणावयास यंत्र लागते, यंत्राला रस्ता लागतो, लाकूड चिरावयास गिरणी लागते, आणि ते विकले जाईपर्यंत मजुरांना खावयास द्यावे लागते. यांपैकी काहीही गावाजवळ नव्हते. १९५० च्या दशकात सरकारने सुमारे पाच लाख हेक्टर जंगलातील महोगनी व स्पॅनिश सीडर तोडण्याचा मक्ता एका सरकारी लाकूड कंपनीला दिला. त्या जंगलात एखिदोंचे जंगलही होते. कंपनीने रस्ते केले, गिरणी उभारली, उत्तमोत्तम झाडे निवडून नेली. मालक गावाला काय मिळाले? प्रत्येक झाडामागे एक अल्पशी रक्कम, आणि तीही गावाच्या हाती न पडता सरकारी निधीत जमा होई. ज्याचे झाड तोच ते तोडण्यासाठी रोजंदारीवर कामाला जाई. स्वतःच्या घराचे वासे उतरविण्याची मजुरी घ्यावी, तसा हा प्रकार होता.

म्हणून मी म्हणतो की मालकी दोन प्रकारची असते. एक जमिनीची आणि दुसरी कामाच्या भांडवलाची. पहिली असून दुसरी नसेल, तर पहिलीचे फळ दुसरीचा धनी खातो. आपल्या वाडवडिलांना हे कोणी शिकवावयाला नको होते. ज्याच्याजवळ बैल आणि बियाणे नव्हते, त्याच्या जमिनीच्या तुकड्यावर पीक कोणाच्या नावाने उभे राही, हे त्यांनी पाहिले आहे.

झाडाचा काळ आणि कर्जाचा काळ

१९८३ साली त्या कंपनीच्या मक्त्याची मुदत संपली. गावांनी नवा मक्ता देऊ नये असा आग्रह धरला. काही तळमळीचे वनतज्ज्ञ, मेक्सिकोचे सरकार आणि जर्मनीची साहाय्य संस्था यांच्या मदतीने त्या वर्षी एक पथदर्शी योजना सुरू झाली. तिचे सूत्र साधे होते: जंगलातून गावाला उत्पन्न मिळाले तरच गाव जंगल राखील. प्रत्येक एखिदोने आपल्या सभेत ठराव करून जंगलाचा एक भाग कायमचा जंगल म्हणून राखून ठेवला. तेथे शेती करावयाची नाही, गुरांसाठी कुरण करावयाचे नाही. मग गावातील माणसे रांगा आखून रानात हिंडली आणि त्यांनी आपली झाडे मोजली. पेटकाकाब या माया गावात आणि नोह बेक यांसारख्या शेजारच्या एखिदोंत असे काम झाले.

मोजणीवरून हिशेब ठरला. महोगनीचे झाड तोडण्याजोगे होण्यास ७५ वर्षे धरली. त्या काळाचे तीन भाग केले, प्रत्येकी २५ वर्षांचे. जंगलाचेही २५ तुकडे पाडले आणि दर वर्षी एकाच तुकड्यात तोड करावयाची असे ठरले. ज्या खोडाचा व्यास ५५ सेंटिमीटर झाला असेल तेच तोडावयाचे. त्याहून बारीक झाडे पुढील फेरीसाठी, आणि त्याहूनही लहान रोपे तिसऱ्या फेरीसाठी. म्हणजे आजोबा जे झाड तोडील त्याच्या शेजारचे मुलगा तोडील आणि त्याच्या शेजारचे नातू.

धम्मबंधूंनो, येथे क्षणभर थांबून विचार करा. झाडाचा काळ ७५ वर्षांचा. सावकाराच्या कर्जाचा काळ किती? सहा महिने, फार तर वर्ष. व्यापाऱ्याच्या उचलीचा काळ एका हंगामाचा. वर्षाच्या बोलीने घेतलेला पैसा ७५ वर्षांच्या झाडाजवळ जाऊन उभा राहतो तेव्हा काय म्हणतो? तो म्हणतो, आजच तोड. पुढच्या फेरीसाठी राखून ठेवलेले झाड त्याच्या दृष्टीने निरुपयोगी असते. जंगल कुऱ्हाडीने मरते असे आपण म्हणतो. पुष्कळदा ते घाईच्या पैशाने मरते, कुऱ्हाड केवळ त्याच्या हुकुमाची चाकर असते.

याला आणखी एक अंग आहे. महोगनीचे रोप दाट सावलीत वाढत नाही. त्याला ऊन लागते. म्हणून निवडक झाडे तोडून जंगल तसेच दाट सोडले तर पुढची पिढी उगवत नाही. जेथे ओंडके रचण्यासाठी मोकळी जागा केलेली असते तेथे रोपे लावावी लागतात, वेलींपासून ती मोकळी करावी लागतात. या कामाला आज मजुरी द्यावी लागते आणि त्याचे फळ नातवाला मिळते. असल्या कामासाठी कोणता सावकार कर्ज देईल? कोणतीही पेढी देणार नाही. तो पैसा गावाच्या स्वतःच्या गाठीतूनच यावा लागतो. तोच पैसा असा आहे की ज्याला वाट पाहता येते, कारण त्याचा मालक आणि त्या रोपाचा मालक एकच असतो.

उचलीचा फास

मक्ता गेला आणि गावे स्वतः लाकूड विकू लागली तेव्हा उत्पन्न वाढले, हे खरे. काही गावांनी ओढकामाची यंत्रे घेतली, स्वतःच्या गिरण्या उभारल्या. उभे झाड विकण्यापेक्षा ओंडका विकण्यात अधिक मोल, आणि ओंडक्यापेक्षा चिरलेल्या फळीत त्याहून अधिक. परंतु एक एक पायरी चढावयाची तर प्रत्येक पायरीवर आधी पैसा गुंतवावा लागतो आणि मोल मागाहून मिळते. कोरड्या दिवसांत रस्ते दुरुस्त करावयाचे, तोड करावयाची, पावसापूर्वी माल बाहेर काढावयाचा. परवान्याचे कागद त्याआधी तयार हवेत, मोजणी त्याहून आधी हवी. खर्च सारा आरंभी आणि पैसा सारा शेवटी. या मधल्या महिन्यांचे काय?

गाव पेढीकडे गेले तर पेढी तारण मागे. पण जमीन सामूहिक. ती गहाण ठेवता येत नाही. ही तरतूद गावाच्या रक्षणासाठी होती आणि ती योग्यच होती. जमीन गहाण ठेवता आली असती तर एका दुष्काळात ती सावकाराच्या घरी गेली असती. मात्र जी भिंत चोराला अडविते तीच कधी कधी वैद्यालाही अडविते. पेढीचे दार बंद झाल्यावर व्यापारी पुढे आला. त्याने हंगामापूर्वी उचल दिली. उचलीबरोबर त्याच्या अटी आल्या: माल मलाच द्यावा, भाव मी म्हणेन तो, आणि महोगनी आधी द्यावी. जंगलात इतर अनेक जातींची झाडे होती, पण त्यांना गिऱ्हाईक थोडे. अशा रीतीने कंपनी गेली तरी तिची सावली उचलीच्या रूपाने मागे राहिली.

दोष केवळ बाहेरच्यांचा होता असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. पुष्कळ गावांत हंगामाच्या शेवटी जो नफा उरे तो सभासदांत सारखा वाटून टाकण्याची रीत पडली. सारखे वाटणे न्यायाचे, यात शंका नाही. पण सारेच वाटून टाकले म्हणजे पुढच्या हंगामाच्या आरंभी गावाची तिजोरी रिकामी, आणि गाव पुन्हा व्यापाऱ्याच्या दारी. शिवाय काही ठिकाणी पुढाऱ्यांनी हिशेब दाखविला नाही. संशय वाढला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कित्येक एखिदोंत सभासदांनी वेगवेगळे गट केले आणि तोडावयाच्या लाकडाचे हिस्से गटागटांत वाटून घेतले. पुढाऱ्यांवरचा अविश्वास त्याने काहीसा निवळला, पण गावाची एकत्र सौदा करण्याची शक्ती विभागली गेली. घरातील आजारपणापायी वा अडचणीपायी काही सभासदांनी आपल्या वाट्याचे लाकूड झाड उभे असतानाच स्वस्तात विकून टाकले. संपूर्ण गावाला जो फास पडला होता तोच आता एकेका घराला पडला.

त्यानंतर निसर्गानेही परीक्षा घेतली. २१ ऑगस्ट २००७ रोजी डीन नावाचे भयंकर चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आदळले आणि नोह बेकच्या जंगलातील असंख्य झाडे एका रात्रीत उन्मळून पडली. पंचवीस वर्षांच्या हिशेबात असा दिवस कोठे लिहिलेला नव्हता. पडलेले लाकूड कुजण्यापूर्वी बाहेर काढावयाचे तर पुन्हा हाती पैसा हवा. ज्या गावाची गंगाजळी कोरडी, त्याला संकट दुप्पट लागते.

हे सारे सांगून मी आपल्याला निराश करू इच्छीत नाही. एवढे होऊनही त्या गावांचे जंगल आज उभे आहे. १९९२ साली मेक्सिकोने एखिदोंच्या जमिनीचे वैयक्तिक तुकडे पाडण्यास मोकळीक दिली तेव्हाही जंगलाचे तुकडे पाडण्यास कायद्याने मनाई केली. मालकी टिकली; कसोटी लागली ती भांडवलाची आणि हिशेबाची.

तथागतांचा अर्थविचार

आता कोणी विचारील, यात भगवान बुद्धांच्या शिकवणीचा संबंध काय? फार जवळचा आहे. दीघनिकायात कूटदंत सुत्त आहे. कूटदंत नावाच्या ब्राह्मणाला मोठा यज्ञ करावयाचा होता. भगवंतांनी त्याला महाविजित राजाची कथा सांगितली. त्या राजालाही यज्ञ करावयाचा होता, पण राज्यात चोर-दरोडेखोर माजले होते. पुरोहिताने राजाला सल्ला दिला की दंड करून, तुरुंगात घालून हे थांबणार नाही. जे शेती व गुरे करतात त्यांना बियाणे व चारा द्यावा, जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्यावे, जे चाकरी करतात त्यांना अन्न व वेतन द्यावे. राजाने तसे केले आणि लोक आपापल्या कामाला लागले. देश निर्भय झाला. मग जो यज्ञ झाला त्यात एकही पशू मारला गेला नाही आणि यूपासाठी एकही झाड तोडले गेले नाही. भांडवल योग्य हाती पडले की हिंसा थांबते, आणि झाडही वाचते, हा त्या कथेचा अर्थ मी घेतो.

दुसरी शिकवण सिगाल नावाच्या गृहस्थाला राजगृहाजवळ दिलेली आहे. मधमाशी थेंब थेंब गोळा करते, वारूळ कणाकणाने वाढते, तशी गृहस्थाने संपत्ती जोडावी. आणि जोडल्यावर तिचे चार भाग करावे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यात घालण्यासाठी आणि चौथा संकटकाळासाठी राखून ठेवावा. किंताना रोच्या गावांनी एका भागाचा हिशेब नीट केला. मधले दोन भाग आणि चौथा भाग मात्र पुष्कळांकडून राहून गेला. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश आजच्या कोणत्याही सहकारी पतपेढीच्या भिंतीवर लावावा असा आहे.

बाबासाहेब हे तर अर्थशास्त्राचेच पंडित. १९४७ साली त्यांनी संविधान सभेसाठी जे निवेदन लिहिले, त्यात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून गावकऱ्यांनी ती सामुदायिक रीतीने कसावी असे सुचविले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. पाणी, जनावरे, अवजारे, खत आणि बियाणे यांसाठी लागणारे भांडवल राज्याने पुरवावे, हेही त्यांनी तेथेच लिहिले. भूमिहीनाला जमीन दिली आणि भांडवल दिले नाही, तर ते देणे अर्धेच ठरते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आपल्या दारातील उदाहरण

आता आपल्या प्रदेशाकडे या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि लगेच १६ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी चांद्याला येऊन लाखो लोकांना दीक्षा दिली. त्या वेळी आजचा गडचिरोली जिल्हा चांदा जिल्ह्यातच होता. तो १९८२ साली वेगळा झाला. या जंगलपट्ट्यातील बांबू दशकानुदशके सरकारी करारांनी बल्लारपूरच्या कागद गिरणीला जात होता. बांबूच्या बेटाशेजारी राहणाऱ्या माणसाला मात्र आपल्या कुडाच्या भिंतीसाठीही परवानगी लागे.

संसदेने २००६ साली वनहक्क कायदा केला. या कायद्याने बांबू, तेंदूपत्ता, मोहफुले, मध, डिंक यांसारख्या गौण वनोपजावर वननिवासींची मालकी मान्य केली आणि गावाच्या पारंपरिक हद्दीतील सामूहिक वन राखण्याचा व त्याची व्यवस्था पाहण्याचा हक्क ग्रामसभेला दिला. सागवानासारखे इमारती लाकूड मात्र या गौण वनोपजाच्या व्याख्येत येत नाही. म्हणून मेक्सिकोत जे महोगनीबाबत घडले ते आपल्याकडे बांबूबाबत पाहावयास मिळते. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनाचा सामूहिक हक्क मिळाला. देशातील अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते. तरीही बांबू विकावयाचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि तो वनखाते देईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले. त्यानंतरच्या हंगामात गावाने सुमारे एक कोटी रुपयांचा बांबू विकला.

हे एका दिवसात घडले नाही. देवाजी तोफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कायदा येण्यापूर्वी कित्येक वर्षे गावात अभ्यासगट चालविला. निर्णय सर्वांच्या सहमतीने घ्यावयाचा अशी शिस्त घालून घेतली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा आपण ऐकली असेल. पण त्या घोषणेमागची एक लहानशी गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात आली आहे: वनातील कामाच्या मजुरीतून दहावा हिस्सा ग्रामकोषात टाकावयाचा, अशी रीत त्या गावाने पाडली. कोट्यवधीचा बांबू पुढे आला. दहाव्या हिश्श्याची सवय आधी आली. म्हणूनच पैसा आला तेव्हा तो ठेवण्याजोगे भांडे गावाजवळ होते.

चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टर वनाचा हक्क मिळाला. तेंदूपत्त्यासाठी झाडांची छाटणी होते आणि रानाला आगी लावल्या जातात, म्हणून या गावाने तेंदूपत्त्याचे उत्पन्न आपण होऊन सोडले आणि बांबूवर भर दिला. हातचा पैसा सोडण्याचे असे धैर्य कोणाला येते? ज्याच्या डोक्यावर उचल नाही त्यालाच. ज्याने ठेकेदाराकडून आगाऊ पैसे घेतले आहेत, त्याला रानाचा विचार करण्याचे स्वातंत्र्य उरत नाही.

गडचिरोली जिल्ह्यात आज हजाराहून अधिक ग्रामसभांजवळ सामूहिक वनहक्काचे कागद आहेत. पण तेथेही तीच अडचण आहे, जी किंताना रोला होती. वनहक्क वारसाने मिळतो; तो विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. म्हणून पेढीला तो तारण म्हणून चालत नाही. आणि बांबू तोडणाऱ्या मजुराला तर दर आठवड्याला मजुरी हवी. ज्या ग्रामसभेजवळ दोन महिन्यांच्या मजुरीची शिल्लक नाही, ती लिलावात ताठ मानेने बसू शकत नाही. पहिला ठेकेदार जो भाव बोलेल तो तिला गोड मानून घ्यावा लागतो.

बौद्ध कुटुंबांनी काय करावे?

आपल्यापैकी अनेकांची गावे याच पट्ट्यात आहेत. तेथे गोंड, माडिया, परधान बांधवांच्या शेजारी बौद्धांची घरे आहेत, बुरड बांधवांची घरे आहेत. कोणी म्हणेल, वनहक्क हा आदिवासींचा विषय, आपला नव्हे. हा गैरसमज आहे. या कायद्याने इतर पारंपरिक वननिवासींनाही हक्क दिला आहे. अट कठीण आहे: १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तेथे राहून वनावर उपजीविका केलेली असली पाहिजे. पण पुरावा म्हणून केवळ सरकारी कागदच हवा असे नाही. दावेदाराखेरीज गावातील इतर वृद्धांचे लेखी निवेदनही नियमांनी पुरावा मानले आहे. तेव्हा आपल्या वस्तीतील दाव्यांसाठी गावातल्या वृद्ध माणसांकडे आजच जाऊन बसा. त्यांची स्मृती हा आपला दस्तऐवज आहे, आणि तो फार दिवस टिकणारा नाही.

सामूहिक हक्काची ग्रामसभा ही गावातील सर्व प्रौढांची सभा आहे. तेथे बौद्ध स्त्री-पुरुषांची जागा कोणाच्या मेहेरबानीची नाही. मात्र आपण तेथे जावे ते आदिवासी बांधवांचे साथी म्हणून. त्यांच्या कित्येक पिढ्यांनी ते वन राखले आहे. त्यात वाटेकरी होण्यापूर्वी राखणदार व्हा.

ग्रामसभेत बसल्यावर काही गोष्टींचा आग्रह धरा. पहिली, तोडण्याआधी मोजणी. किती बेटे आहेत, कोणत्या भागात यंदा तोड करावयाची, कोवळे कोंब किती राखावयाचे, हे वहीत लिहिल्याशिवाय एक काठीही तुटू नये. दुसरी, सिगालाला सांगितलेला हिशेब. मजुरी ही मजुराची. पण विक्रीतून जे वर उरते ते सारे वाटून टाकू नका. एक भाग घरोघरी द्या, दोन भाग पुढील हंगामाच्या भांडवलासाठी आणि रानाच्या निगेसाठी ठेवा, चौथा संकटासाठी राखा. बांबूला काही दशकांनी एकदाच फुलोरा येतो आणि फुललेले बेट मरून जाते. त्या वर्षी विकावयास काही नसते. तो दिवस आपल्या हयातीत येऊ शकतो.

तिसरी गोष्ट, हिशेब सभेत मोठ्याने वाचला जावा आणि तो स्त्रियांनी ऐकावा. कायद्याच्या नियमांनी वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असे ठरविले आहे. त्या नावापुरत्या नसाव्यात. ज्या घरात शिकलेली मुलगी असेल तिने ही वही लिहावी. चौथी, उचल घ्यावीच लागली तर ती लेखी करारानेच घ्यावी, आणि तिच्यात मालाचा भाव बांधून देऊ नये. भाव लिलावातच ठरावा. पाचवी, शेजारच्या ग्रामसभांनी एकत्र यावे. एका गावाचा माल लहान. दहा गावांचा माल एकत्र झाला की खरेदीदारही मोठा येतो आणि पेढीलाही आपल्याशी बोलावेसे वाटते. जमीन तारण देता येत नाही हे खरे, पण पाच वर्षांचा स्वच्छ हिशेब आणि खरेदीचा पक्का करार ही देखील पत असते. ती पत कोणी देत नाही. ती मिळवावी लागते.

आणि सहावी, बुरड बांधवाचा बांबू विसरू नका. त्याचे हात टोपली, सूप, तट्टी विणून जगतात. कोटीचा लिलाव करताना त्याच्या दारचा भारा थांबला, तर आपण जुन्या गावगाड्यातून बाहेर पडलो असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार राहणार नाही.

धम्मबंधूंनो, जुन्या धर्माने आपल्याला सांगितले होते की तुमची दशा तुमच्या पूर्वजन्मीच्या कर्माने ठरली आहे. बुद्धाच्या धम्माने आपल्याला कारण शोधावयास शिकविले. किंताना रोचा माया मजूर गरीब राहिला त्याचे कारण त्याच्या जन्मात नव्हते, त्याच्या तिजोरीत होते. आणि कारण सापडले म्हणजे ते दूर करण्याचा मार्गही सापडतो. वनाचा हक्क मिळवा, पण तो मिळाल्याच्या आनंदात थांबू नका. ज्या दिवशी आपल्या ग्रामसभेजवळ पुढच्या हंगामाची मजुरी स्वतःच्या गाठीला असेल आणि ठेकेदार लिलावाच्या सभेत आपल्यासमोर उभा राहून भाव बोलेल, त्या दिवशी त्या हक्काची दुसरी बाजू पुरी झाली असे समजा. तोवर दर आठवड्याला, थेंब थेंब का होईना, गावाच्या त्या भांड्यात आपला वाटा पडत राहू द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!